कारागृहाच्या दुकानातलं सागवानी टेबल: वस्तूला चार तारे, बाकीचं खाली वाचा

टेबल चार फूट बाय दोन फूट, सागवानी, उजव्या हाताला दोन खण. नातीच्या अभ्यासासाठी घेतलं. महाराष्ट्रात नऊ मध्यवर्ती कारागृहं आहेत, त्यातल्या एकाच्या विक्री केंद्रातून, जिथे आतल्या बंद्यांनी केलेला माल विकतात. कुठल्या ते लिहीत नाही. खाली दोन-चार तक्रारी आहेत, आणि काउंटरवरचा शिपाई भला माणूस आहे. माझ्यामुळे त्याला साहेबासमोर उभं राहायला लागू नये.

मी आयटीआयमध्ये सुतारकामाचा निदेशक होतो, आता निवृत्त आहे. त्यामुळे टेबल आवडलं तर मी त्याच्यावर हात फिरवत नाही, ते उलटं करतो. फर्निचरच्या शोरूममध्ये हे केलं की सेल्समनचा चेहरा पडतो. इथे शिपायाने न बोलता दुसरी बाजू धरली आणि म्हणाला, ‘बघा काका, आतून बघा.’

आतून काम खरंच बघण्यासारखं आहे. पायांच्या खाचांमध्ये आडव्या पट्ट्या नीट ठोकून बसवल्यात आणि वरून लाकडी खुंटी मारली आहे. खिळा एकही नाही. खणांचे कोपरे डव्हटेलने, म्हणजे दातांत दात अडकवून, जोडलेत, तेही हाताने कापलेले. कसं कळलं? पटाशी मारण्याआधी ओढलेली पेन्सिलची रेघ दोन ठिकाणी तशीच राहिली आहे, आणि सगळी दातं अगदी एकसारखी नाहीत. मशीन असं करत नाही. गुण्या लावून पाहिला, चारही कोपरे काटकोनात. ज्याने हे केलं त्याला घाई नव्हती. (हो, हा विनोद माझ्या मनात आला. घरात बोललो तर सौ.ने डोळे वटारले.)

आता खोड्या. पाठीमागचं पॅनेल प्लायवूडचं आहे. प्लाय वाईट नसतो, पण पावतीवर नुसतं ‘सागवानी टेबल’ लिहिलंय, तर तिथे ‘पाठ प्लाय’ असं लिहायला हवं. पॉलिश पुढून जाड, मागून जवळपास नाहीच. भिंतीला लावणार असाल तर चालेल, खोलीच्या मध्ये ठेवणार असाल तर एक हात स्वतः मारून घ्या. खणांच्या मुठी तर इतक्या स्वस्तातल्या की एवढ्या चांगल्या खणांना त्या लावणाऱ्याचा राग यावा. मी घरी येऊन पितळी लावल्या. किमतीचं म्हणाल तर माझ्या ओळखीच्या वखारीशेजारच्या कारागिराने एवढ्याच मापाच्या, एवढ्याच लाकडाच्या कामाला जे सांगितलं असतं त्याच्या पाऊणपट. लाकूड ओलं नाही. पावसाळा काढलाय, खण अडकले नाहीत.

टेबलाबरोबर इतरही थोडं घेतलं. सतरंजी उत्तम, रंग दोन धुण्यांत सुटला नाही, काठ घट्ट. टॉवेल पहिल्यांदा खरखरीत लागतात, मग पाणी छान टिपतात. फिनेल कडक आहे, बादलीला झाकणभर बस्स. नानकटाई ताजी असेल तर बेकरीच्या तोंडात मारेल अशी, पण दुपारनंतर उरत नाही. कुर्त्यांचं माप मात्र भलतंच आहे. त्यांचा ‘मोठा’ हा माझ्या जावयाला खांद्यात होत नाही, आणि जावई काही पैलवान नाही.

सेवेबद्दल. तयार माल लगेच मिळतो, पण टेबल, कपाट, खुर्च्या यांची मागणी नोंदवावी लागते. मला सांगितलेल्या तारखेच्या बऱ्याच नंतर मिळालं. विचारलं की उत्तर एकच: सरकारी ऑर्डर आहे. कारागृहातल्या कारखान्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सरकारी कचेऱ्या, आणि मार्चअखेरीला प्रत्येक कचेरीला अचानक खुर्च्यांची आठवण होते. त्या रांगेत माझ्या नातीचं टेबल मागे गेलं. याची तक्रार नाही. पण तारीख सांगतानाच हे सांगावं. पोचवण्याची सोय नाही, टेंपो आपला. आणि दुकानाच्या पाटीवरची वेळ व कुलूप निघण्याची वेळ यांची ओळख नाही.

माझ्या मुलीचं म्हणणं, प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी लावावी: ही कोणी बनवली, त्याची गोष्ट काय. परदेशात म्हणे असं असतं. मी साफ विरोधात आहे. टेबल टेबल म्हणून विकलं जावं. दया म्हणून घेतलेलं टेबल माणूस दुसऱ्या वर्षी माळ्यावर टाकतो.

तर वस्तूंना चार तारे. पण मी निदेशक माणूस, मला टेबलापेक्षा टेबल करणारा शिकला की नाही यात जास्त रस. आणि हे दुकान स्वतःच म्हणतं ना, की इथल्या कामातून बंद्यांचं पुनर्वसन होतं. मग त्या दाव्यालाही तारे द्यायला हवेत.

आधी मजुरीचा हिशेब. महाराष्ट्रात २०२३ मध्ये बंद्यांची मजुरी वाढवली: कुशल कामाला दिवसाला ७४ रुपये, अर्धकुशलला ६७, अकुशलला ५३ आणि खुल्या कारागृहात ९४. माझ्या अंदाजाने हे टेबल म्हणजे दोन कुशल माणसांचा सहा दिवसांचा उद्योग. म्हणजे मजुरी झाली ८८८ रुपये, दोघांची मिळून. बाहेर बरा मिस्त्री एका दिवसाचे हजार मागतो आणि वर चहा. राहणं-जेवणं सरकारचं आहे हे मान्य, १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मजुरी ठरवताना तो खर्च धरायला मुभा दिली आणि गुन्ह्याची झळ लागलेल्यांसाठी मजुरीतला काही भाग बाजूला काढण्याची वाटही दाखवली. तेही योग्यच. पण त्याच निकालात मजुरी न्याय्य असावी असंही आहे. ७४ रुपयांतून माणूस कँटीनमधून साबण-तेल घेणार, घरी मनीऑर्डर करणार, की सुटल्यावर पटाशांचा संच घेण्यासाठी साठवणार? माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगायचो की पहिल्या पगारातून स्वतःची हत्यारं घ्या. इथे तो सल्ला देता येत नाही.

एक गोष्ट या बाबतीत चांगली झाली आहे, ती सांगतो. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये येरवड्यातून ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. शिक्षा भोगत असलेल्या बंद्याला पन्नास हजारांपर्यंत कर्ज, सात टक्क्यांनी, हप्ता त्याच्या आतल्या मजुरीतून. वकिलाची फी, मुलीची शाळा, घराचं छप्पर, कशालाही. घरचा कर्ता आत गेला की घर आधी सावकाराच्या दारात जातं हे ज्याने पाहिलंय त्याला या योजनेचं मोल कळेल.

पण खरा मुद्दा मजुरीचाही नाही. शिपायाशी गप्पा मारताना मी विचारलं, आत सुतारकामाला किती जण असतात? तो आकडा त्याने सांगितला नाही, आणि तो सांगणं त्याचं कामही नाही. एवढंच म्हणाला, ‘काका, कारखान्यात येतात ते पक्के. गर्दी आहे ती कच्च्यांची.’

पक्के म्हणजे शिक्षा झालेले, कच्चे म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे ते. हे वाक्य घरी घेऊन आलो आणि आकडे काढून बसलो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची २०२२ अखेरची आकडेवारी: देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ आणि आत माणसं ५,७३,२२०. म्हणजे शंभराच्या जागेत एकशे एकतीस. हे झालं सरासरीचं. मुंबईच्या आर्थर रोडसारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं ८०४ ची जागा सांगितली जायची आणि आत त्याच्या तिप्पट-चौपट माणसं. आता त्या ५,७३,२२० मधले कच्चे किती? ४,३४,३०२. चारातले तीन. त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. गणित बघा: कच्चे कैदी जेवढे, तेवढीच जवळपास सगळ्या तुरुंगांची मिळून जागा. पक्क्यांसाठी बराकी नव्यानेच बांधायला हव्यात.

कच्च्या कैद्याला कामाला लावता येत नाही. सक्तमजुरी ही शिक्षा आहे, आणि त्याला शिक्षा झालेलीच नाही. हे तत्त्वाने बरोबरच. त्याची स्वतःची इच्छा असेल तर काम देता येतं, पण त्यासाठी जागा हवी, हत्यारं हवीत, निदेशक हवा आणि हत्यारं मोजून परत घेणारा शिपाई हवा. (वर्ग सुटताना पटाशा मोजून घेणं हे माझ्याही नोकरीतलं काम होतं, आणि माझी पोरं फार तर ती घरी न्यायची.) बराक दुपटीने भरली की शिपायाचा अख्खा दिवस गिनतीत, कोर्टाच्या तारखांना पाठवण्यात आणि नातेवाइकांच्या मुलाखतींच्या रांगेत जातो. कारखान्यासाठी तो उरत नाही. म्हणजे गर्दीने जागा तर खाल्लीच, शिकवण्याचे तासही खाल्ले. १८९४ च्या कारागृह कायद्यात काम दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त घेऊ नये अशी मर्यादा आहे. आज त्या मर्यादेच्या जवळ जायला किती जणांना मिळत असेल?

त्यामुळे माझं टेबल हे त्या तुरुंगातल्या थोड्या माणसांचं काम आहे. दुकानातली मांडणी बघून बाहेरच्याला वाटतं की आत सगळीकडे रंधा चाललाय. बहुतेक माणसं आत नुसती बसून आहेत. दोन वर्षं, तीन वर्षं, तारीख पे तारीख. त्यातला एखादा निर्दोष सुटतो तेव्हा त्याच्या हातात ना कसब ना प्रमाणपत्र, कारण पुनर्वसन शिक्षा झालेल्यांसाठी आहे. दोषी ठरलेला सुतार होऊन बाहेर पडतो, निर्दोष ठरलेला रिकाम्या हाताने.

आणि बरेच कच्चे कैदी पैशाअभावी आत आहेत. १९७८ चा मोतीराम नावाच्या माणसाचा खटला वकील मंडळींना माहीत असेल, बाकीच्यांसाठी सांगतो. मध्य प्रदेशातला गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, खालच्या न्यायालयाने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ जामीन राहायला तयार झाला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ती रक्कम हजारावर आणली आणि गरिबाला परवडेल असा जामीन हवा असं खडसावून लिहिलं. त्याला आता पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की जामिनाचा आदेश ई-मेलने तुरुंगात पाठवा, सात दिवसांत माणूस सुटला नाही तर विधी सेवा प्राधिकरणाला कळवा, महिनाभर जामीनदार मिळाला नाही तर अट सैल करण्याचा विचार करा. त्याच वर्षी केंद्राने गरीब बंद्यांसाठी मदत सुरू केली, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत. आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर जामीन मिळायला हवा, इतरांना निम्म्यावर. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असणाऱ्यांना हे लागू नाही. न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी आता तुरुंगाच्या अधीक्षकावर टाकली आहे. कागदावर सोय आहे. कोविडमध्ये महाराष्ट्रात दहा हजारांहून जास्त माणसं तात्पुरती सोडली होती, तेव्हा आभाळ कोसळलं नाही. मग पुन्हा बराकी भरल्या.

सुटल्यानंतरचं मी थोडं जवळून पाहिलंय. माझा एक जुना विद्यार्थी आज मॉड्युलर किचनची कामं घेतो. त्याच्याकडे असाच आत सुतारकाम शिकून आलेला एक जण लागला. हात सोन्याचा. रंध्याने काढलेली त्याची फळी आरशासारखी, माझ्या विद्यार्थ्याने मुद्दाम फोटो पाठवला. पण साईटवर सागवान कुठे आहे? सगळं प्लाय, लॅमिनेट, एमडीएफ. पॅनेल सॉ, कडेला टेप चिकटवणारं मशीन, हळू बंद होणाऱ्या बिजागऱ्या. हे त्याने आत पाहिलंच नव्हतं. तो आठवडाभरात शिकला, तो प्रश्न नाही. ज्याला डव्हटेल येतो त्याला स्क्रू पिळायला शिकवावं लागत नाही. पण आत गेला तेव्हाच्या नंबरला आधार जोडलेलं, तो नंबर बंद. नंबर नाही म्हणून ओटीपी नाही, ओटीपी नाही म्हणून बँकेचं बंद पडलेलं खातं उघडत नाही, खातं नाही म्हणून पगार रोख. खोलीच्या भाड्यासाठी पोलीस पडताळणी. मोठ्या सोसायटीत काम निघालं की गेटवरचा सुरक्षारक्षक प्रत्येक कारागिराचं ओळखपत्र मागतो, तिथे याचा घाम निघायचा. सुटण्याआधीचे सहा महिने फक्त हे कागद सरळ करण्यात घालवले तरी अर्धं पुनर्वसन होईल असं मला वाटतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबईत हेच खालचं, न दिसणारं काम करतोय. पण हे एका प्रकल्पाच्या बळावर चालायचं काम नव्हे.

खुल्या कारागृहातून आलेल्यांची ही अडचण कमी असते, असं माझा विद्यार्थी सांगतो, आणि ते पटतं. तिथला माणूस कुलपाआड नसतो, शेतात राबतो, बाजारभाव त्याला माहीत असतो. आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर १९३९ चं, औंध संस्थानातलं. कैदी भिंतीशिवाय राहू शकतो हे औंधच्या राजाने इंग्रजी अमलात करून दाखवलं. पैठणचं खुलं कारागृह १९६८ चं. अशा ठिकाणी ठेवण्याचा खर्च कमी आणि शिक्षेत माफीही जास्त मिळते. पण तिथे पोचायला आधी पक्का कैदी व्हायला लागतं, बरीच शिक्षा नीट भोगायला लागते. म्हणजे पुन्हा तेच, चारातला एक.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगात जात बघून काम वाटणं घटनाबाह्य ठरवलं. काही राज्यांच्या नियमावल्यांमध्ये झाडूकाम कोणाला आणि स्वयंपाक कोणाला हे तोवर लिहिलेलंच होतं. मी हे वाचलं तेव्हा माझ्या वर्गातली पोरं आठवली. सुताराचा मुलगा फिटरला जायचा आणि कुठल्याही जातीचा मुलगा माझ्याकडे यायचा; रंध्याला कोणी आडनाव विचारत नव्हतं.

तर दाव्याला किती तारे? आतल्या कारखान्यातल्या शिकवण्याला चार, कारण काम बोलतंय. ते शिक्षण किती जणांपर्यंत पोचतं याला दीड. दुकानाच्या सेवेला अडीच. कारागृह विभागातलं कोणी हे वाचत असेल तर माझ्यासारख्या निवृत्त निदेशकांना बोलवा. कच्च्या कैद्यांसाठी दोन-तीन महिन्यांचे छोटे वर्ग घेता येतात, ज्याला हवं त्याने यावं, मध्येच सुटला तर जेवढं शिकला तेवढ्याचा दाखला द्यावा. दाखल्यावर तुरुंगाचं नाव नको, शिकवणाऱ्या संस्थेचं असावं. लॅमिनेट कापायचं एक मशीन आणि बिजागऱ्यांचा एक खोका, एवढ्याने सुरुवात होते. मी येईन. मानधन नको, रिक्षाचं भाडं द्या.

घ्यायला जाणाऱ्यांसाठी: लाकडी सामानाची मागणी एप्रिल-मे मध्ये नोंदवा, डिसेंबरनंतर नोंदवू नका. लाकूड कुठे आणि प्लाय कुठे हे पावतीवर लिहून घ्या. मुठी बदलण्याचे पैसे मनात धरा. टेंपोवाला आधीच ठरवा, आणि त्याला गेटच्या बाहेरच थांबायला सांगा, आत गाडी घेत नाहीत. सतरंज्या दोन घ्या. नानकटाई हवी असेल तर सकाळीच जा.